‘अंडर प्रोटेस्ट’ : सहीच्या वरची ओळ

(आगरदांडा येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत त्या गुरुजींनी आयुष्यभर दोन कामे केली. शाळेत मुले शिकवली आणि शाळा सुटल्यावर लोकांचे अर्ज लिहून दिले. मी अलिबागला वकिली करतो. मुरूडकडचे पक्षकार कागदांची पिशवी घेऊन येतात. तिच्यात गुरुजींच्या हातचा अर्ज असला की माझे निम्मे काम हलके होई. विषय एका ओळीत, गट नंबर आणि हिस्सा नंबर बरोबर, तारीख जागच्या जागी, आणि मागणी काय आहे ते पहिल्याच परिच्छेदात. अलंकार नाहीत, गयावया नाही. असे मराठी लिहायला फार मोठी शिस्त लागते.

त्यांच्या नावाच्या व्याख्यानमालेत मी दोन इंग्रजी शब्दांवर बोलणार आहे. ‘अंडर प्रोटेस्ट’. आपल्या जिल्ह्यात हे शब्द इंग्रजी न शिकलेल्या माणसाच्याही तोंडी आहेत. ‘पैसे उचलले, पण अंडर प्रोटेस्ट उचलले’, ‘सही केली, पण अंडर प्रोटेस्ट’, असे शेतकरी सांगतो, आणि निर्धास्त होतो. त्याला पुढे विचारले, की या दोन शब्दांनी नेमके काय झाले, तर कोणी म्हणतो जमीन अडकली, कोणी म्हणतो प्रकल्पाला आपला विरोध लागला, कोणी म्हणतो कोर्टात दावा पडला. यांतले काहीही होत नाही. जे खरोखर होते ते फार मोलाचे आहे, आणि नेमके तेच बहुतेकांना ठाऊक नसते. म्हणून हा विषय.

तो इथेच का मांडायचा, हेही सांगतो. राजपुरीच्या खाडीच्या या तोंडाशी बसून आपल्याला दिसते काय? या बाजूला आगरदांडा, समोर दिघी. मधे गाड्या घेऊन जा-ये करणारी जंगलजेट्टी. दिघी बंदराचा धक्का दोन्ही काठांवर आहे, आणि २०२१ मध्ये त्या बंदराची मालकी अदानी समूहाकडे गेली. २८ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने देशात १२ औद्योगिक नगरांना मंजुरी दिली, त्यांत दिघीचे नाव आहे. रेवसपासून रेड्डीपर्यंतच्या सागरी महामार्गावर आगरदांडा आणि दिघी जोडणारा पूल योजलेला आहे. बंदर म्हटले की रस्ता आला, रेल्वेची मागणी आली, गोदामे आली. या प्रत्येकाला जमीन लागते. ते चांगले की वाईट, हा आजचा विषय नाही. त्यावर माझी मते आहेत आणि तुमचीही असतील. मी आज फक्त त्या क्षणाबद्दल बोलणार आहे, जेव्हा जमीन जाण्याचे ठरलेले असते, मोबदल्याचा निवाडा झालेला असतो, आणि माणूस प्रांत कचेरीतल्या टेबलासमोर पेन हातात घेऊन उभा असतो.

या बाबतीत रायगड जिल्हा अनुभवाने शहाणा झालेला आहे. सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण भागातली ९५ गावे संपादनाखाली आली. पुढे न्हावा-शेवा बंदराच्या वेळी, १९८४ च्या जानेवारीत १६ आणि १७ तारखेला, उरण तालुक्यात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनावर गोळीबार झाला आणि पाच माणसे हुतात्मा झाली. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना त्या रक्तातून आली. हे सर्वांना माहीत आहे, आणि माहीत असायलाच हवे. पण त्याच काळात एक दुसरी लढाई अलिबागच्या आणि ठाण्याच्या न्यायालयांत चालली होती. तिला घोषणा नव्हत्या. एकेका गटाचा वाढीव मोबदला मागणारे ते अर्ज होते, ज्यांना आम्ही वकील मंडळी ‘एल. ए. आर.’ म्हणतो. त्या लढाईत कोण उभा राहू शकला आणि कोण दारातूनच परत गेला, हे कित्येकदा पैसे घेताना पावतीवर काय लिहिले होते यावर ठरले.

आता कायदा. १८९४ चा भूसंपादन कायदा इंग्रजांनी केला आणि तो आपण ३१ डिसेंबर २०१३ पर्यंत वापरला. त्याच्या कलम ३१ मध्ये, दुसऱ्या पोटकलमाखाली, आपल्या विषयाची दोन परंतुके होती. पहिल्याचा आशय असा, की ज्याचा हक्क मान्य झाला आहे तो माणूस रक्कम पुरेशी नाही एवढ्यापुरता प्रोटेस्ट नोंदवून पैसे घेऊ शकतो. दुसऱ्याचा आशय असा, की ज्याने प्रोटेस्ट न नोंदवता पैसे घेतले त्याला कलम १८ खाली न्यायालयाकडे दाद मागण्याचा अर्ज करता येणार नाही. १ जानेवारी २०१४ पासून २०१३ चा नवा कायदा लागू झाला. त्यात बरेच बदलले. दिलासा रक्कम ३० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर गेली, पुनर्वसन कायद्यात आले. पण ही दोन परंतुके जशीच्या तशी राहिली. आता ती कलम ७७ मध्ये आहेत, आणि दाद मागण्याचा अर्ज कलम ६४ खाली होतो.

या दोन परंतुकांमागचा विचार मला नेहमीच आदराने पाहावासा वाटतो. निवाडा झाला की शेतकऱ्यापुढे दोनच वाटा दिसतात. पैसे घ्या आणि गप्प बसा, किंवा पैसे नाकारा आणि भांडा. दुसरी वाट ज्याच्या घरी दुसरे उत्पन्न आहे त्याची. ज्याची भातशेती गेली, सुपारीची वाडी गेली, मुलीचे लग्न तोंडावर आहे, तो वर्षानुवर्षे चेक नाकारून कसा बसेल? त्याने नाकारला तर रक्कम न्यायालयात किंवा प्राधिकरणाकडे जमा होते, आणि ती जमा झाली की त्यापुरते व्याजही थांबते. कायद्याने या दोन वाटांच्या मधे तिसरी ठेवली. आज मिळते आहे ते घे, त्याने घर चालव, आणि उरलेल्यासाठी भांडत राहा. फक्त एक अट: घेताना तसे लिहून घे. गरीब माणसाला जेवता जेवता भांडता यावे अशी सोय कायद्यात क्वचितच सापडते. ती या दोन शब्दांत आहे.

आता त्या शब्दांचा अर्थ नीट पाहू, कारण सगळा घोळ तिथून सुरू होतो. प्रोटेस्ट म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मोर्चा येतो, झेंडे येतात, ‘निषेध असो’ येते. वर्तमानपत्रांनी हाच अर्थ रूढ केला आहे. कायद्यातला प्रोटेस्ट मोर्च्याच्या कितीतरी आधीचा आहे. त्याचे मूळ लॅटिन क्रियापदात आहे आणि त्याचा अर्थ साक्ष देणे, जाहीरपणे सांगून ठेवणे. हा अर्थ आगरदांड्याच्या माणसाला पुण्या-मुंबईच्या माणसापेक्षा लवकर कळेल, कारण इथल्या कित्येक घरांतली मुले जहाजांवर गेलेली आहेत. जहाज वादळातून आले, लाटांचे पाणी कप्प्यांत शिरले, माल भिजला असण्याची शक्यता आहे. कप्तान बंदरात उतरतो आणि पहिल्यांदा काय करतो? नोटरीकडे जाऊन ‘प्रोटेस्ट’ नोंदवतो. अमुक तारखेला अमुक अक्षांशावर असे हवामान होते, आम्ही शक्य ते सर्व केले, नुकसान झाले असल्यास ते समुद्रामुळे. तो कोणाचाही निषेध करत नसतो. पुढे वाद होईल तेव्हा कोणी म्हणू नये की तू तेव्हा गप्प होतास, म्हणून तो वेळेत साक्ष नोंदवून ठेवत असतो. आपल्या १९५२ च्या नोटरी कायद्यातही नोटरीच्या कामांत जहाजाचा आणि होडीचा प्रोटेस्ट नोंदवणे हे काम सांगितलेले आहे. पावतीवरचा अंडर प्रोटेस्ट त्याच घराण्यातला. मी रक्कम घेतो आहे, पण ती पुरेशी आहे असे मी मान्य केलेले नाही, याची ही साक्ष.

म्हणून पहिली गोष्ट. हे शब्द जमीन संपादनाला विरोध दर्शवत नाहीत. निवाडा होईपर्यंत संपादनाविरुद्ध बोलण्याची वेगळी वेळ आणि वेगळी कलमे असतात. प्राथमिक अधिसूचनेनंतर हरकती मागवतात, सुनावणी होते. ती वेळ गेल्यावर पावतीवर काहीही लिहिले तरी जमीन परत येत नाही. ‘अंडर प्रोटेस्ट लिहिले होते, तरी जमीन घेतलीच ना’ असे म्हणून शब्दांवरच रागावणारी माणसे मला भेटतात. त्यांचा राग रास्त असेल, पण तो चुकीच्या दारावर आहे.

दुसरी गोष्ट जास्त दुखावणारी आहे. पावतीवर हे शब्द लिहिले म्हणजे अर्ज झाला, असे पुष्कळांना वाटते. ते लिहून माणूस घरी येतो, पावती कपाटात ठेवतो, आणि कोर्टाकडून बोलावणे येईल याची वाट पाहतो. बोलावणे येत नाही, कारण त्याने कुणाला काही मागितलेलेच नसते. पावतीवरच्या शब्दांनी अर्ज करण्याचा हक्क शाबूत राहिला, एवढेच झाले. अर्ज वेगळा द्यायचा असतो, लेखी, जिल्हाधिकाऱ्याकडे, मुदतीत. निवाडा जाहीर होताना तुम्ही हजर असाल तर निवाड्यापासून सहा आठवडे. हजर नसाल तर नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यांतले जे आधी संपेल ते. नव्या कायद्यात सबळ कारण दाखवल्यास आणखी एक वर्षापर्यंत अर्ज घेण्याची मुभा आहे, पण ती मुभा आहे, हक्क नाही. तिच्या भरवशावर राहू नका. आणि ही मुदत या कायद्याची. राष्ट्रीय महामार्गासाठीचे संपादन १९५६ च्या कायद्याखाली होते, तिथे न्यायालयाऐवजी लवादाकडे जावे लागते. औद्योगिक क्षेत्रासाठी १९६१ चा महाराष्ट्र औद्योगिक विकास कायदा वापरला जातो, त्याची रीत आणखी निराळी. म्हणून हातात नोटीस आली की पहिल्यांदा तिच्या माथ्यावर कायद्याचे नाव आणि कलम काय लिहिले आहे ते वाचा. गुरुजी हेच करायचे. अर्ज लिहून मागणाऱ्याला ते आधी विचारायचे, ‘नोटीस आणली आहेस का?’

तिसरी गोष्ट. संमती आणि प्रोटेस्ट एका कागदावर नांदत नाहीत. थेट वाटाघाटीने जमीन विकली, खरेदीखत झाले, तर तो सौदा आहे. संमतिपत्रावर सही करून ठरलेल्या दराने निवाडा झाला, तर तो संमतीचा निवाडा. अशा वेळी सहीखाली ‘अंडर प्रोटेस्ट’ लिहून काही साधत नाही. तुम्ही एका हाताने मान्य करता आणि दुसऱ्या हाताने अमान्य. भाव पटत नसेल तर संमतीपूर्वीच तसे सांगायला हवे. मी कुणालाही सांगत नाही की वाटाघाटीने विकू नका. अनेकदा तो भाव निवाड्यापेक्षा चांगला असतो. एवढेच सांगतो, की कोणता कागद समोर आहे ते ओळखा.

आता त्या टेबलापाशी जाऊ. प्रसंग पाहिलेल्यांना तो डोळ्यांसमोर येईल. कचेरीच्या व्हरांड्यात गर्दी, आत दोन टेबले. एकावर निवाड्याची यादी: गट नंबर, खातेदार, क्षेत्र, झाडे, विहीर, बांधकाम, एकूण रक्कम. दुसऱ्यावर पावत्यांचा गठ्ठा. पावती छापील असते. तिच्यात कित्येकदा असे वाक्य छापलेले असते, की ‘वरील रक्कम मला पूर्ण मिळाली असून निवाडा मला मान्य आहे.’ खाली रेव्हेन्यू तिकिटाची जागा. गर्दी आहे, दुपार झाली आहे, एस. टी. चुकेल म्हणून सगळ्यांना घाई. कारकून बोटाने जागा दाखवतो, ‘इथे सही.’ सही होते. बाहेर आल्यावर कोणीतरी विचारते, ‘अंडर प्रोटेस्ट लिहिलेस ना?’ आणि तो परत आत जाऊन विनंती करतो, की मला लिहू द्या. तोवर पावती फायलीला लागलेली असते.

त्या छापील ओळीतला ‘मान्य आहे’ हा शब्द सर्वांत महत्त्वाचा. कलम ६४ खाली अर्ज करता येतो तो ‘ज्याने निवाडा स्वीकारलेला नाही’ त्याला. तुम्ही वर ‘मान्य आहे’ वर सही करता आणि खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात दोन इंग्रजी शब्द लिहिता. पुढे सरकारी वकील उभा राहतो आणि न्यायालयाला म्हणतो, साहेब, अर्जदाराने मान्य केले आहे. मग माझ्यासारख्याला तासभर बोलावे लागते. त्यापेक्षा सही करण्याआधी ‘मान्य आहे’ एवढ्यावर आडवी रेघ मारा, शेजारी आद्याक्षरे करा, आणि सहीच्या वर स्पष्ट अक्षरात वाक्य लिहा. सहीच्या खाली लिहू नका. सहीच्या खालचे कोणी, कधी लिहिले यावर वाद होऊ शकतो. सहीच्या वरचे सही करण्यापूर्वीचे असते.

आणि ते वाक्य इंग्रजीत लिहिण्याची काहीही गरज नाही. हे मी मुद्दाम मोठ्याने सांगतो. कायद्याचा इंग्रजी मजकूर असला तरी तो कुठेही म्हणत नाही की हे दोन शब्द इंग्रजीतच लिहा. १९६४ च्या राजभाषा कायद्याने राज्याचा कारभार मराठीत यावा असे ठरले, जिल्हा आणि त्याखालच्या न्यायालयांतही मराठीला मान्यता आहे. पाहिजे तो अर्थ. आणि अर्थ मराठीत जास्त नीट लिहिता येतो, कारण तुम्ही काय लिहिता आहात हे तुम्हाला कळत असते. मी माझ्या पक्षकारांना पुढील वाक्य लिहायला सांगतो:

‘सदर रक्कम अपुरी असल्याची हरकत कायम ठेवून आणि वाढीव मोबदला मागण्याचा माझा हक्क राखून ही रक्कम स्वीकारली आहे. निवाडा मला मान्य नाही.’

खाली तारीख, सही, आणि सहीखाली कंसात नाव. अंगठा असेल तर ते वाक्य कोणी लिहिले त्याचे नाव आणि ‘वाचून दाखवले’ असे शब्द. संपले. या वाक्यात ‘हरकत’ हा शब्द मी विचारपूर्वक ठेवला आहे. काही जण ‘निषेध नोंदवून’ लिहितात. ते चूक ठरणार नाही, पण निषेध हा आपल्याकडे धिक्काराचा शब्द झाला आहे. अधिकाऱ्याला तो अंगावर आल्यासारखा वाटतो आणि मग तो पावतीच घ्यायला नाही म्हणतो. हरकत हा महसुली कामकाजातला रोजचा शब्द आहे. हरकती व सूचना, फेरफारावर हरकत. कुणाच्या कपाळाला आठी पडत नाही आणि अर्थ पूर्ण येतो. ‘नाराजीने स्वीकारली’ मात्र लिहू नका. नाराज माणूस मान्यही करू शकतो.

वाक्यातला दुसरा कणा ‘रक्कम अपुरी’ हा. अंडर प्रोटेस्ट एवढेच लिहिले तर कशाबद्दल, हे मोकळे राहते. परंतुक म्हणते, रकमेच्या पुरेपणाबद्दल. तेच लिहावे. तुमची तक्रार क्षेत्राची असेल, म्हणजे संयुक्त मोजणीत गुंठे कमी धरले असतील, किंवा झाडे कमी मोजली असतील, तर तेही त्याच ओळीत जोडा. झाडांचे मी आवर्जून सांगतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने मुरूड-श्रीवर्धनच्या नारळी-पोफळींच्या वाड्या आडव्या केल्या. नवी रोपे लावून वाडी उभी करायला वर्षे जातात. अशा वाडीत मोजणीच्या दिवशी किती फळती झाडे उभी होती आणि किती रोपे होती, हे पंचनाम्यात नसेल तर पुढे ते सिद्ध करणे कठीण. पंचनाम्यावर सही करतानाही हीच सवय लागू.

न्यायालये या बाबतीत आडमुठी राहिलेली नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. १९९४ मध्ये अजित सिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की ज्याने कलम १८ चा अर्ज केला त्याचा प्रोटेस्ट त्या अर्जातूनच दिसतो, पैसे घेतले म्हणून तो बाद होत नाही. १९८४ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम २८-अ मुळे आणखी एक दार उघडले. त्याच अधिसूचनेतल्या शेजाऱ्याला न्यायालयाने वाढीव दर दिला, तर ज्याने स्वतः अर्ज केला नव्हता त्यालाही तीन महिन्यांच्या आत तोच दर मागता येतो. आणि २००२ मध्ये हंसोली देवी प्रकरणात घटनापीठाने स्पष्ट केले, की प्रोटेस्ट न नोंदवता पैसे घेतलेल्यालाही २८-अ चा लाभ मिळू शकतो. नव्या कायद्यात हीच तरतूद कलम ७३ मध्ये आहे.

मग कोणी म्हणेल, इतकी दारे उघडी आहेत तर त्या एका ओळीचे एवढे कौतुक कशाला? कारण ही दारे दुसऱ्याच्या किल्लीने उघडतात. १९९४ चा निर्णय ज्याने मुदतीत अर्ज केला त्याच्यासाठी. २८-अ शेजारी लढला आणि जिंकला तरच. ती ओळ एकटीच अशी आहे, जी तुमच्या हातात आहे, आज आहे, फुकट आहे, आणि तिच्यासाठी वकील लागत नाही. मी वकील असून हे सांगतो आहे.

या शब्दांचा उपयोग जमिनीपुरता नाही. वीज बिलाचेच पाहा. मीटर बिघडतो, किंवा वाचन न घेता अंदाजे बिल येते, आणि आकडा डोळे फिरवणारा असतो. माणूस बिल भरत नाही, वीज तोडतात, आणि मग धावपळ. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ५६ मध्ये परंतुक आहे: ग्राहकाने त्याच्याकडे मागितलेली रक्कम, किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने होणारी रक्कम, यांतली जी कमी असेल ती प्रोटेस्ट नोंदवून भरली, तर वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. इथेही तेच सूत्र. भर, पण लिहून भर, आणि तक्रार वेगळी दाखल कर. खाडीकाठच्या छोट्या बर्फ कारखान्यालाही हे लागू आहे आणि एका दिव्याच्या घरालाही.

‘विदाउट प्रिज्युडिस’ हा दुसरा असाच शब्दप्रयोग पत्रांच्या माथ्यावर सर्रास दिसतो. त्याचे काम वेगळे आहे. तडजोडीच्या बोलण्यात मी जे मान्य करतो आहे ते पुढे माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरू नये, यासाठी तो. तडजोडीचा विषयच नसलेल्या साध्या तक्रारअर्जावर तो लिहून काही मिळत नाही. उलट अधिकाऱ्याला वाटते, हा कुणाच्या तरी पत्राची नक्कल करतो आहे.

नक्कल हाच खरा रोग आहे. आपल्या भागात कागदाचे महत्त्व लोकांना कळत नाही असे कोणी म्हणाले तर ते मी मानणार नाही. हा पूर्वीचा कुलाबा जिल्हा आहे. इथे १९३३ पासून १९३९ पर्यंत चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली संप चालवला, शेते पडीक ठेवली, उपासमार सोसली. खंडाची पावती मिळत नाही ही कोकणातल्या कुळांची खोतीच्या काळापासूनची तक्रार होती. १ एप्रिल १९५७ ला, ज्याला कृषकदिन म्हणतात, कुळ जमिनीचा मालक झाला. पण तोच, ज्याचे नाव पिकपाहणीत लागलेले होते. ज्याने पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरला पण ज्याचे नाव कागदावर नव्हते, तो तसाच राहिला. आपल्या आजोबांनी ही किंमत मोजलेली आहे. त्यांच्या नातवंडांना कागद महत्त्वाचा वाटतो, म्हणूनच ती शेजाऱ्याच्या पावतीवरचे शब्द पाहून आपल्या पावतीवर उतरवतात. फक्त ते शब्द कशासाठी आहेत हे कुणी सांगितलेले नसते.

हे सांगण्याची जबाबदारी कुणाची? कायद्याने संपादन करणाऱ्याने नोटीस द्यायची, निवाडा सांगायचा. पावतीवर काय लिहायचे हे शेतकऱ्याला शिकवण्याचे काम त्याच्यावर नाही, आणि ज्याच्या खिशातून पैसे जाणार त्याने ते शिकवावे अशी अपेक्षाही रास्त नाही. वकिलाकडे माणूस पोहोचतो तो सही झाल्यावर. मधली जागा मोकळी आहे. ती जागा गुरुजी भरून काढत. त्यांनी कायद्याची पदवी घेतली नव्हती. पण समोरच्या कागदातला प्रत्येक शब्द त्यांना कळेपर्यंत ते पुढच्या शब्दाकडे जात नसत, आणि न कळलेला शब्द दुसऱ्याच्या अर्जात कधी घालत नसत.

म्हणून माझी विनंती इथल्या शिक्षकांना, ग्रामपंचायत सदस्यांना आणि विशेषतः शिकलेल्या मुलामुलींना आहे. मी वाचलेले ते मराठी वाक्य सुवाच्य अक्षरात लिहून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा, आणि त्याखाली मुदतीची ओळ लिहा: सहा आठवडे. गावात कुणाला नोटीस आली की त्याच्याबरोबर एकाने कचेरीत जा. पावती आधी पूर्ण वाचा, ‘मान्य आहे’ कुठे छापले आहे ते शोधा, वाक्य सहीच्या वर लिहा, आणि बाहेर पडण्यापूर्वी पावतीचा मोबाइलवर फोटो काढून घ्या. आणि त्याच आठवड्यात वाढीव मोबदल्याचा अर्ज देऊन त्याची पोच घ्या. या वाक्याच्या छापील प्रती मी आज सोबत आणल्या आहेत. दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत, जाताना प्रत्येक घरासाठी एक घेऊन जा.